दोन सीटचा हत्ती: जुनी स्पोर्ट्स कार निवडताना

दहा-बारा वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत पहिल्यांदा बघणारा माणूस आधी डोळे चोळतो. नव्या साध्या हॅचबॅकच्या पैशात ही गाडी? सहा सिलिंडर, उघडं छप्पर, ताकद मागच्या चाकांना? हो, हीच. गोम एवढीच की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ही गाडी आता तिसऱ्या मालकाकडे आहे, हे ब्रेक डिस्कला कुणी सांगितलेलं नसतं. डिस्क नव्या गाडीच्याच भावात येते. मेकॅनिकचे तासही तेवढेच लागतात, गंजलेल्या बोल्टमुळे दोन जास्तच.

म्हणून जुनी स्पोर्ट्स कार घेऊच नये असं मी म्हणणार नाही. मी घेतली, पस्तावलो, विकली आणि पुन्हा दुसरी घेतली. खर्च टळत नाही, पण कुठल्या जातीचा खर्च वाट्याला येईल हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. टायर, ब्रेक, ऑइल हा ठरलेला खर्च, त्याची तयारी करता येते. इंजिन उघडावं लागणं हा वेगळ्या जातीचा खर्च, आणि हौस मोडते ती त्याच्यामुळे. पहिला पत्करायचा आणि दुसरा टाळायचा, खालच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

पायरी १: मजा कशात वाटते ते ठरवा

नवखा माणूस हॉर्सपॉवर बघतो. आधी वजन बघा.

हलकी गाडी कमी ताकदीतही चपळ वाटते. तिला टायर लहान लागतात, ब्रेक कमी झिजतात, पेट्रोल कमी लागतं. १९८९ मध्ये आलेली पहिली माझदा एमएक्स-५ हजार किलोच्याही आत होती आणि तिच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद आजच्या साध्या कुटुंबी गाडीएवढीच. तरी वळणाच्या रस्त्यावर तिच्यात बसलेला माणूस हसतच उतरतो. १९९६ ची लोटस एलिस तर साधारण सव्वासातशे किलोची. उलट चारशे हॉर्सपॉवरची, दीड टनाच्या पुढची गाडी साध्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्येच वेगमर्यादा ओलांडते. तिची खरी गंमत अनुभवायला ट्रॅकच हवा, आणि ट्रॅकवर टायर कसे वितळतात ते एकदा बघून यावं.

२०१२ च्या टोयोटा जीटी८६ची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. कंपनीने तिला मुद्दाम अरुंद, साध्या पकडीचे टायर दिले, तेही प्रियससारख्या काटकसरी गाडीला मिळणाऱ्या जातीचे. हेतू हा की गाडीचं मागचं अंग थोड्या वेगातही हलताना जाणवावं. मजा आणि टायरचं बिल एकाच वेळी सांभाळायची ही युक्ती मला फार आवडते.

मग स्वतःला दोन-चार रोखठोक प्रश्न विचारा. रोज कामावर न्यायची की आठवड्यातून एकदा बाहेर काढायची? दुसरी गाडी घरात आहे का? नसेल तर ही गॅरेजमध्ये तीन आठवडे पडून राहिली की तुम्ही कशाने फिरणार? मागे मुलं बसणार असतील तर दोन सीटची गाडी पहिल्या महिन्यातच भांडणाचं कारण होते. अशा घरासाठी ताकदवान हॅचबॅक बरी. आणि एक साधी गोष्ट: आधी आत बसून बघा. उंच माणसाचे गुडघे एमएक्स-५च्या स्टिअरिंगला लागतात, आणि हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

पायरी २: गाडी बघायच्या आधी हिशेब

सगळ्यांना पहिली काळजी पेट्रोलची. माझ्या मते ती शेवटी करावी. समजा तुम्ही वर्षाला ६,००० किलोमीटर चालवता. लिटरला १४ किलोमीटर देणारी गाडी सुमारे ४३० लिटर पेट्रोल पिईल, आणि ८ देणारी ७५० लिटर. फरक ३२० लिटरचा. तुमच्याकडच्या दराने त्याची रक्कम काढा आणि शेजारी त्या गाडीची क्लचप्लेट बदलण्याचा खर्च लिहा. ॲव्हरेजची चर्चा तिथेच थांबेल.

खरे खर्च वेगळे आहेत. टायर: बऱ्याच स्पोर्ट्स कारना मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढचे मागे करून आयुष्य वाढवायची सोय नसते. मऊ रबराचे मागचे टायर १५-२० हजार किलोमीटरमध्ये संपले तर नवल नाही. विमा: मॉडेल, तुमचं वय आणि आधीचा इतिहास यावर तो इतका बदलतो की गाडी बघायला जाण्याआधीच आकडा मागवा. आवडल्यावर मागवला तर आपण स्वतःचीच समजूत घालायला लागतो.

आणि मजुरी. कुठला भाग किती महाग हे सगळे विचारतात, त्या भागापर्यंत हात पोचायला किती तास लागतात हे फार थोडे विचारतात. १९९४ ते १९९९ मधल्या फेरारी ३५५चे टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारे पट्टे) बदलायचे तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. बेल्ट काही रत्नजडित नसतात. पैसे जातात ते उतरवण्यात आणि परत बसवण्यात. पुढच्याच ३६० मॉडेलमध्ये सीटच्या मागचं झाकण काढून तेच काम होतं. ज्या गाडीचं इंजिन मधोमध आहे तिच्याबद्दल हा प्रश्न विचारायचाच.

आता वहीत पाच भाग लिहा: क्लचचा पूर्ण सेट, पुढच्या डिस्क आणि पॅड, मागचे दोन टायर, एक शॉकॲब्सॉर्बर, एक हेडलाइट. तुमच्या मनातल्या मॉडेलवर नेहमी काम करणाऱ्या मेकॅनिकला फोन करून या पाचांचे भाव मजुरीसकट विचारा. हेडलाइट कशाला, असं वाटेल. अलीकडच्या गाड्यांचा अख्खा हेडलाइट युनिट किती महाग असतो हे कळलं की समोरचा दगड उडवणारा ट्रक वेगळा दिसायला लागतो. त्या मॉडेलवर काम करणारा मेकॅनिकच जवळपास सापडत नसेल, तर तेही उत्तरच आहे.

शेवटी, हाताशी असलेल्या रकमेतला निदान पाचवा हिस्सा बाजूला ठेवा, गाडी त्याच्या उरलेल्यात बसली पाहिजे. बसत नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या. वरच्या मॉडेलमधल्या सर्वात स्वस्त गाडीपेक्षा खालच्या मॉडेलमधली सर्वात चांगली गाडी केव्हाही परवडते.

पायरी ३: प्रत्येक गाडीचं दुखणं आधी माहीत हवं

निर्दोष मॉडेल नसतं. ज्याचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे आणि ज्यावर उपाय आहे, ते मॉडेल चांगलं.

एमएक्स-५पासून सुरुवात करतो, कारण नवख्यासाठी माझी पहिली शिफारस तीच. इंजिन सोशिक, भाग मुबलक, काम सोपं. शत्रू एकच, गंज. दरवाजाखालचा पट्टा आणि मागच्या चाकांवरची कमान इथे तो आतून येतो. दुसऱ्या पिढीत, म्हणजे १९९८ ते २००५ च्या गाड्यांत, पुढच्या बाजूचे चासीचे दांडे खालून तपासायचे. वरून कीर्तन, आतून तमाशा असा प्रकार या गाडीत फार. रंग आरशासारखा आणि खाली बोट घातलं की पत्रा हातात.

जीटी८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड या त्या मानाने नव्या, आणि रोज वापरता येतील अशा. २०१२-१३ च्या सुरुवातीच्या गाड्यांना व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी कंपनीने परत बोलावलं होतं. चासी नंबरवरून ते काम झालंय का, याची खात्री करा.

होंडा एस२००० (१९९९ ते २००९) ही इंजिनासाठी घ्यायची गाडी. २ लिटर, टर्बो नाही, आणि काटा ९,००० आरपीएमपर्यंत, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे. असं इंजिन ऑइल खातं. दर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघणारा मालक आणि वर्षातून एकदा बघणारा मालक, यांच्या गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात, आत जमीनअस्मानाचा फरक असतो. सुरुवातीच्या गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नव्हता, ओल्या रस्त्यावर मागचं अंग झटकन सुटतं. त्यामुळे अपघात होऊन दुरुस्त झालेल्या गाड्या बऱ्याच. पत्र्याच्या जोडांमधल्या फटी डाव्या-उजव्या बाजूला सारख्या आहेत का ते बघा.

पोर्श बॉक्स्टर. पहिली पिढी १९९६ ची, आणि आज ती इतकी स्वस्त दिसते की हात शिवशिवतात. या आणि त्याच काळातल्या ९११च्या इंजिनात आयएमएस नावाचं एक बेअरिंग आहे, इंजिनाच्या मधल्या शाफ्टला आधार देणारं. ते तुटलं की बहुतेक वेळा इंजिनच जातं. सगळ्यांचं तुटत नाही, पण कुणाचं तुटेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून क्लच बदलताना, गिअरबॉक्स उतरलेलाच असताना, बेअरिंगही बदलून घेतलेली गाडी शोधा आणि त्याचं बिल मागा. २००६ नंतरच्या काही इंजिनांत हे बेअरिंग मोठं झालं, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही. २००९ च्या बदलानंतरच्या गाड्यांत हा शाफ्टच राहिला नाही. जास्त पैसे मोजून ती घेतलेली बरी, असं माझं मत.

बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीतली एम३ (२००० ते २००६) मनाला भुरळ घालते, खिशाला घाम फोडते. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग आणि मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरून ठेवणारी चौकट) जोडलेल्या जागी तडकणारा गाडीचा तळ ही तिची दोन प्रसिद्ध दुखणी. दोन्ही कामं करून घेतलेली गाडी महाग असते, आणि ती महाग असायलाच हवी.

माझदा आरएक्स-८बद्दल सावध राहा. तिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर असलेलं) लोण्यासारखं फिरतं आणि ९,००० पर्यंत हसत जातं. पण ऑइल जाळणं हा त्याच्या रचनेचाच भाग आहे, पेट्रोलची भूक अफाट, आणि झिजलेल्या सीलमुळे कॉम्प्रेशन (इंजिनाच्या आतला दाब) गेलं की इंजिन नव्याने बांधावं लागतं. साध्या गेजने याचं कॉम्प्रेशन नीट कळत नाही, रोटरीसाठीचं वेगळं यंत्र लागतं. तो रिपोर्ट नसेल तर किंमत कितीही गोड असो, गाडी बघायलाही जाऊ नका. थंड इंजिन चालू करून, गाडी दोन मीटर हलवून बंद केलं तर प्लग पेट्रोलने भिजून ती पुन्हा चालूच होत नाही, हा तिचा आणखी एक नखरा.

घरात एकच गाडी ठेवायची असेल त्यांच्यासाठी ताकदवान हॅचबॅक. २००४ नंतरच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचं २ लिटर टर्बो इंजिन चांगलं, पण त्यातल्या आधीच्या इंजिनात इंधनाचा हाय प्रेशर पंप आणि कॅमशाफ्ट यांच्यामध्ये एक छोटी वाटीसारखी चकती असते. ती झिजते. वेळेवर बदलली तर किरकोळ खर्च, विसरली तर कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही घेऊन जाते. विकणाऱ्याला तिच्याबद्दल विचारा. चेहरा कोरा दिसला तर तिची चौकशी कधीच झालेली नाही.

पायरी ४: कागद

सर्व्हिस बुकातले शिक्के कुणीही मारू शकतो, बिलं खोटी करणं जरा कठीण. बिलांवर तारीख, किलोमीटर आणि भागांची नावं असतात. ती तारखेने लावा आणि किलोमीटर क्रमाने वाढतात का ते बघा. टायमिंग बेल्टसाठी कंपन्या किलोमीटरबरोबर वर्षांचीही मुदत देतात. ‘गाडी फक्त ३० हजार चाललीय, बेल्ट कशाला बदलायचा’ हे वाक्य ऐकलं तर समजा की बेल्ट म्हातारा झालाय. तो तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात.

कमी चाललेल्या गाडीचा मोह आवरा. दहा वर्षांत १५ हजार किलोमीटर म्हणजे गाडी बहुतेक काळ उभीच होती. रबरी सील कोरडे पडतात, पेट्रोल शिळं होतं, ब्रेकचे पिस्टन जाम होतात. दर आठवड्याला नीट गरम होऊन चाललेली ८० हजारांची गाडी मला जास्त विश्वासाची वाटते.

बदल केलेल्या गाड्यांचं थोडक्यात: सायलेन्सर बदलला असेल तर मूळचा सोबत मिळतोय का विचारा. इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली गाडी पहिलीच गाडी म्हणून घेऊ नका.

पायरी ५: थंड इंजिन, कोरडा दिवस, भरपूर उजेड

या तीन अटींचं शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एकदा संध्याकाळी, रिमझिम पावसात, आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघितली आणि तिथेच हो म्हणून बसलो. ओल्या रंगावर प्रत्येक गाडी नवी दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू केलं तर आतून टकटक, मागून निळा धूर आणि उजेडात उजवं दार वेगळ्याच लाल रंगाचं.

म्हणून ‘गाडी माझ्यासमोरच चालू करायची’ हे फोनवर आधीच सांगून ठेवा. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर का गरम केली ते विचारा. चालू होताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत सुरुवातीची पांढरी वाफ चालते. गरम झाल्यावरही दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर राहिला तर कूलंट जळतंय, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल तर नुसतं घाबरू नका, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती दमटपणानेही येते. पण सोबत कूलंटही कमी असेल तर निघा.

मग टायर. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५वा आठवडा. सहा वर्षांहून जुने टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचेच धरा. त्याहून बोलका पुरावा म्हणजे टायरचा ब्रँड. ताकदवान गाडीला चार चाकांवर चार स्वस्त कंपन्यांचे टायर असतील, तर मालकाने ऑइलमध्येही काटकसरच केली असणार. टायर आतल्या कडेला जास्त झिजला असेल तर व्हील अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचे बुश गेलेले आहेत.

सीटची बाहेरची कड, पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं चामडं यांची झीज मीटरवरच्या रनिंगशी जुळते का? कापडी छप्पर असेल तर गालिच्याखाली हात घाला. ओल हाताला लगेच कळते.

पायरी ६: चालवताना कान उघडे, रेडिओ बंद

इंजिन गरम होईपर्यंत हळू चालवा. तुम्ही थंड इंजिन ताणत नाही हे बघून चांगला मालक मोकळा बोलायला लागतो. मग तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. दुसरा आणि तिसरा गिअर टाकताना करकर झाली तर सिंक्रो (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या) झिजले आहेत. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून पुन्हा द्या आणि आरशात धूर बघा. रिकाम्या सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक मारा: स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग).

एक जण तुमच्याबरोबर हवाच, आणि तो गाड्यांचा वेडा नसलेला बरा. वेडे दोघं असले की दोघंही खरेदीच करून येतात.

पायरी ७: दुसऱ्याचा डोळा, मग सौदा

इथवर सगळं जुळलं तर त्या मॉडेलच्या जाणकाराकडून लिफ्टवर चढवून तपासणी करून घ्या. तो स्कॅनर लावेल. एरर कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका. कोड आदल्या दिवशी पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, ते बघायला सांगा. रंगाची जाडी मोजणारं यंत्र पूर्ण गाडीवर फिरवा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, एका दारावर ४०० दिसलं तर तिथे डेंटिंग-पेंटिंग झालंय. तपासणीला विकणारा नाही म्हणाला तर बोलणं तिथेच संपवा.

रिपोर्टमधल्या प्रत्येक कामाचा आकडा लिहून मग भाव करा. ‘थोडं कमी करा’ म्हणण्यापेक्षा ‘मागचे टायर आणि बेल्टचं काम एवढ्याचं आहे’ हे ऐकलं जातं. आणि पहिल्या तीन गाड्या सोडायच्या आहेत, असं ठरवूनच घराबाहेर पडा. नजर तयार व्हायला तेवढ्या लागतात.

घरी आणल्यावर

जुन्या मालकाने काहीही सांगितलेलं असो, इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळं बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि जोरात ब्रेक लावल्यावर उकळतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. बेल्टचं बिल नसेल तर बेल्टही. बाजूला ठेवलेल्या पैशांतला मोठा तुकडा इथे जाईल, तो यासाठीच होता. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दर पेट्रोल भरताना ऑइलची पातळी वहीत लिहा, म्हणजे ही गाडी किती खाते ते तुम्हाला कळेल. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढायची.

आणि रोजच्या चालवण्यातली एक सवय. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणून लगेच ताणू नका, ऑइल त्याच्या मागून गरम होतं. आणखी आठ-दहा किलोमीटर चार हजारांच्या खाली चालवा. त्यानंतर मात्र रिकाम्या रस्त्यावर लाल रेषेपर्यंत जायला काहीच हरकत नाही. एस२०००सारख्या इंजिनाचा खरा आवाज तर ६,००० च्या पुढेच सुरू होतो.